चाळीस राजीनामे, साडेसहा डॉलर

ऑक्टोबर २००१ मध्ये ‘मशीन लर्निंग’ या नियतकालिकाच्या संपादक मंडळातल्या चाळीस जणांनी एका जाहीर पत्रावर सह्या करून राजीनामे दिले. पत्रात आदळआपट नाही, सूर शांत आहे. पेपर संशोधक लिहितात, तपासतातही संशोधकच, आणि वर्गणीच्या रकमेतला छदामही लेखकाकडे येत नाही. न का येईना. पण मग निदान आपलं लिखाण जास्तीत जास्त लोकांच्या हाती पडावं एवढी तरी लेखकाची अपेक्षा पुरी व्हायला हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. इंटरनेट आलेलं होतं, आणि वर्गणी नेमकं तेच होऊ देत नव्हती.

सह्यांची यादी आज वाचताना गंमत वाटते. जेफ्री हिंटन, योशुआ बेंजिओ, मायकेल जॉर्डन, डॅफ्नी कोलर, स्टुअर्ट रसेल, टॉम मिचेल. हिंटन यांना पुढे २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. अँड्र्यू बार्टो आणि रिचर्ड सटन या गुरुशिष्यांनी २०२४ चा ट्युरिंग पुरस्कार घेतला. त्या दोघांच्याही सह्या यादीत आहेत. तेव्हा मात्र ही माणसं एका लहानशा, बाहेर फारशी कुणाला ठाऊक नसलेल्या विषयातली होती. आणि ज्या नियतकालिकावर त्यांनी पाणी सोडलं ते काही ऐरंगैरं नव्हतं. १९८६ मध्ये सुरू झालेल्या त्या नियतकालिकात क्विनलन यांचा निर्णयवृक्षांवरचा पेपर आला, १९९२ मध्ये वॉटकिन्स आणि दायान यांचा क्यू-लर्निंगवरचा, १९९५ मध्ये कोर्तेस आणि वॅपनिक यांचा सपोर्ट व्हेक्टरवाला. लिओ ब्रायमन यांचा ‘रँडम फॉरेस्ट्स’ तर ज्या महिन्यात राजीनामे पडले त्याच महिन्याच्या अंकात आहे. आपल्या विषयातलं सर्वांत मानाचं घर सोडून ही मंडळी बाहेर पडली, आणि आपला विषय तिथून सुरू होतो.

अर्थात, बाहेर पडण्याआधी त्यांनी दुसरं घर बांधून ठेवलं होतं. एमआयटीतल्या लेस्ली पॅक केलब्लिंग यांनी २००० मध्येच ‘जर्नल ऑफ मशीन लर्निंग रिसर्च’ची, म्हणजे सगळे ज्याला जेएमएलआर म्हणतात त्याची, उभारणी केली होती. इंटरनेटवर सगळं फुकट, कागदी खंड हवे असतील त्यांनी विकत घ्यावेत, आणि लेखनाचा हक्क लेखकाकडेच. कल्पना अगदी कोरी नव्हती. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनाचं ‘जेएआयआर’ हे नियतकालिक १९९३ पासून याच रीतीनं चाललं होतं. पण तिथे कुणाला कुणाचं घर सोडावं लागलं नव्हतं. राजीनाम्याला जे वजन असतं ते नव्या आरंभाला क्वचितच असतं.

नव्या नियतकालिकाचं पुढे काय झालं ते तिसऱ्याच खंडात दिसतं. २००३ च्या त्या खंडात ब्लाय, एन्ग आणि जॉर्डन यांचा विषय-प्रारूपांवरचा गाजलेला पेपर आहे. त्याच खंडात बेंजिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक पेपर आहे, ज्यात यंत्र शब्दांना आकड्यांच्या ओळी बहाल करतं आणि आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द ओळखायला शिकतं. आज जगभर ज्या भाषा-प्रारूपांचा गवगवा आहे त्यांच्या खापरपणजोबांपैकी हा एक. आपल्याकडे संगणकशास्त्राचा कुठलाही विद्यार्थी पहिल्या प्रोजेक्टला जे ‘सायकिट-लर्न’ वापरतो, त्याची ओळख करून देणारा पेपरही २०११ मध्ये जेएमएलआरमध्येच आला. ‘फुकट म्हणजे हलकं’ हा समज या विषयात तरी फार काळ टिकला नाही.

आता हिशेबाकडे वळू, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोधप्रद गोष्ट त्यागाची नाही, जमाखर्चाची आहे. २०१२ मध्ये हार्वर्डचे संगणकशास्त्रज्ञ स्टुअर्ट शीबर यांनी जेएमएलआरचा खर्च मांडून दाखवला. एका पेपरमागे रोख खर्च साधारण साडेसहा डॉलर. साडेसहाशे नाही, साडेसहा. आणि या रोख खर्चातली सर्वांत मोठी बाब कुठली, तर करसवलतीचे कागद भरणाऱ्या अकाउंटंटची फी! छपाई नाही, संपादन नाही, सर्व्हर नाही. मराठीत नियतकालिक चालवलेल्या माणसाला हे वाचून हसावं की रडावं ते कळणार नाही. कागदाचा भाव, छपाई, टपाल आणि न येणाऱ्या वर्गण्या यांतच त्याची हयात गेलेली असते.

हे जमलं कसं? लेखक स्वतःच ‘लाटेक’ या संगणक-प्रणालीत पानं जुळवून देतो. समीकरणं, तक्ते, संदर्भसूची, सगळं छापील पानासारखंच हाती येतं. संपादक आणि परीक्षक पैसे घेत नाहीत. सर्व्हर एमआयटीचा. संकेतस्थळाची देखभाल करायला हौशी स्वयंसेवक. घरच्या लग्नात वाढपी घरचेच असले की केटररचं बिल कमी येतं, पण म्हणून जेवण फुकट झालं असं कुणी म्हणत नाही. इथेही प्राध्यापकाचा पगार विद्यापीठ देतं, सर्व्हरची वीज विद्यापीठ भरतं. तेव्हा साडेसहा हा आकडा खरा आहे आणि फसवाही आहे. पण एक गोष्ट तो निर्विवाद सांगतो. हे सगळं फुकटचं श्रमदान वर्गणीवाल्या नियतकालिकालाही मिळतच होतं. तेच श्रम, तीच माणसं. मग वर्गणीचे पैसे नेमके कशाचे, हा प्रश्न शीबर यांच्या मांडणीनंतर टाळता येत नाही. आजही टाळला जातो, ती गोष्ट वेगळी.

हे लोण सगळ्या विज्ञानशाखांत का पसरलं नाही, असं वाचकाच्या मनात येईल. त्याचं उत्तर तत्त्वांत कमी आणि सवयींत जास्त सापडतं. संगणकवाल्यांना सर्व्हर चालवता येतो. त्यांच्यात मानाचं स्थान नियतकालिकांपेक्षा परिषदांना आहे. न्यूरिप्स, आयसीएमएल, आयसीएलआर या परिषदांचे सगळे पेपर कुणालाही उतरवून घेता येतात. आणि त्यांच्या आधी भौतिकशास्त्रवाल्यांनी वाट पाडून ठेवली होती. पॉल गिन्सपार्ग यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये लॉस अलामोसला ‘आर्काइव्ह’ सुरू केलं, म्हणजे नियतकालिकात येण्याआधीच पेपर सगळ्यांसाठी खुले ठेवण्याची इंटरनेटवरची जागा. पुढे ते कॉर्नेल विद्यापीठाकडे गेलं.

आर्काइव्हवरून उतरवलेल्या पेपरच्या पहिल्या पानाच्या डाव्या कडेला, मान वाकडी करून वाचावा लागेल असा, खालून वर जाणारा एक करडा शिक्का असतो. क्रमांक, आवृत्ती, विभाग, तारीख. क्रमांकाचे पहिले चार आकडे म्हणजे वर्ष आणि महिना. ‘अटेंशन इज ऑल यू नीड’ या पेपरवर १७०६.०३७६२ असं आहे, म्हणजे २०१७ चा जून. ज्या परिषदेत तो रीतसर सादर झाला ती भरली त्याच वर्षीच्या डिसेंबरात, लाँग बीचला. मधल्या सहा महिन्यांत ज्यांना वाचायचा होता त्यांनी तो वाचला, त्यावर काम सुरूही केलं. प्रकाशकाकडे विकायला काय उरलं? पूर्वी नियतकालिक बातमीही देत असे आणि शिक्काही. बातमी या करड्या शिक्क्यानं पळवली. प्रकाशकाकडे फक्त मानाचा शिक्का राहिला.

आणि तो विकला जातो, हे कबूल करायला हवं. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘नेचर मशीन इंटेलिजन्स’ या नव्या वर्गणीच्या नियतकालिकाची घोषणा झाली. २००१ मधलं ‘मशीन लर्निंग’ ज्या क्लुवर या प्रकाशकाकडे होतं तो दरम्यान विलीनीकरणांतून स्प्रिंगरमध्ये गेला होता, आणि स्प्रिंगर नेचरच्या घराण्याशी जोडला गेला होता. म्हणजे सतरा वर्षांनी तीच मंडळी आणि एका अर्थानं तोच मालक पुन्हा समोरासमोर. टॉम डिटरिच हे एकेकाळी ‘मशीन लर्निंग’चे संपादक, २००१ च्या पत्रावरही त्यांची सही. २०१८ मध्ये त्यांनी पुन्हा निवेदन काढलं: या नव्या नियतकालिकात आम्ही लिहिणार नाही, परीक्षण करणार नाही, संपादन करणार नाही. तीन हजारांहून अधिक संशोधकांनी सही केली. निवेदनातली एक बारीक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. त्यांचा विरोध केवळ वाचकाकडून पैसे घेण्याला नव्हता, लेखकाकडून घेण्यालाही होता.

जानेवारी २०१९ मध्ये नियतकालिक निघालं आणि व्यवस्थित चाललं आहे. बहिष्काराचं यशापयश यावरून मोजायचं तर तो फसला म्हणावं लागेल. मला तसं वाटत नाही. त्या विषयातला माणूस आजही आपला महत्त्वाचा पेपर आधी परिषदेला धाडतो, आर्काइव्हवर टाकतो. पण बाहेरच्या जगाला सांगायचं असलं की पावलं ‘नेचर’कडे वळतात, हेही तितकंच खरं. हिंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९८६ चा बॅकप्रोपगेशनवरचा पेपर ‘नेचर’मधला. २०१५ मध्ये लकून, बेंजिओ आणि हिंटन यांनी डीप लर्निंगचा आढावा घेतला तोही ‘नेचर’मध्ये. गो हा खेळ खेळणाऱ्या अल्फागोवरचा २०१६ चा पेपरही तिथेच. १९८६ चा तो पेपर पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी वाचला तो बहुतेक हिंटन यांच्या विद्यापीठातल्या पानावरून उतरवून. नाव ‘नेचर’चं, वाचन लेखकाच्या घरून, अशी ही व्यवस्था, आणि ती सगळ्यांच्या सोयीची होती.

लेखकाकडून पैसे घेण्याचा प्रश्न आपल्याकडे जास्त बोचतो. ‘ओपन ॲक्सेस’ म्हटलं की आपल्या कित्येक प्राध्यापकांच्या डोळ्यांपुढे जेएमएलआर येत नाही, शुल्काची पावती येते. जानेवारी २०२१ पासून ‘नेचर’ आणि तिच्या भावंडांनी मुक्त प्रकाशनासाठी लेखकाकडून ९,५०० युरो घ्यायला सुरुवात केली, म्हणजे तेव्हाच्या भावानं आठ लाखांहून जास्त. वर्गणीच्या मार्गानं गेलात तर शुल्क नाही, पण मग पेपर कुलपात. हे झालं वरच्या टोकाचं. खालच्या टोकाला ‘इंटरनॅशनल जर्नल’ असं भारदस्त नाव लावणारी, काही हजार रुपये भरले की चार दिवसांत ‘परीक्षण’ करून पेपर छापणारी दुकानं आहेत. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टचा पेपर अशा ठिकाणी छापून आणलेला विद्यार्थी महाराष्ट्रातल्या कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात भेटेल. पदोन्नतीसाठी पेपर मोजले जातात तिथे दुसरं काय होणार? पण याचं खापर ओपन ॲक्सेसवर फोडणं बरोबर नाही. वाचकाला फुकट आणि लेखकालाही फुकट अशी तिसरी रीत पंचवीस वर्षं सुरळीत चालू आहे. ती आपल्याकडे कुणी नीट सांगितली नाही, इतकंच.

मात्र मशीन लर्निंगवाल्यांच्या मोकळेपणाचे गोडवे गातानाही हात आखडता घ्यावा लागतो. पेपर खुले झाले, सभागृह खुलं झालं नाही. परिषदेला जायचं तर नोंदणी, विमान, हॉटेल आणि त्याआधी व्हिसा. २०१८ मध्ये माँट्रियलला न्यूरिप्स भरली तेव्हा आफ्रिकेतल्या अनेक संशोधकांना कॅनडाचा व्हिसा नाकारला गेला. पुढच्या वर्षी व्हँकूव्हरला पुन्हा तेच. आयसीएलआरनं २०२० ची परिषद आदिस अबाबाला घ्यायचं ठरवलं, तर कोविड आडवा आला आणि ती ऑनलाइन झाली. अखेर २०२३ मध्ये किगालीला भरली. आणि परिषदेतलं परीक्षण किती भरवशाचं? २०१४ मध्ये कोरिना कोर्तेस आणि नील लॉरेन्स यांनी न्यूरिप्सचे (तेव्हा निप्सचे) दहा टक्के पेपर गुपचूप दोन वेगळ्या समित्यांकडे दिले. एका समितीनं स्वीकारलेल्या पेपरांतले निम्म्याहून जास्त दुसरीनं नाकारले. वर्गणीवाल्या नियतकालिकांत असा प्रयोग केला तर काय निघेल ते मी सांगू शकणार नाही, पण इथल्या मंडळींनी स्वतःवर प्रयोग करून निकाल चारचौघांत मांडला, ही त्यांची जमेची बाजू.

मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. मार्च २०२३ मध्ये जीपीटी-४ या भाषा-प्रारूपाचा तांत्रिक अहवाल आर्काइव्हवर आला. पानं जवळजवळ शंभर. वर्गणी नाही, शुल्क नाही, कुणीही उतरवून घ्यावा. आणि आत? प्रारूपाची रचना, आकार, कुठला विदा वापरला, किती संगणकबळ लागलं, शिकवलं कसं, यांतलं काहीही आम्ही देत नाही, असं त्यात सरळ लिहिलेलं आहे. स्पर्धा आणि सुरक्षितता ही कारणं दिली आहेत. चाळीस जणांनी राजीनामे दिले ते पेपरवरचं कुलूप काढायला. वीस-बावीस वर्षांनी पेपर उघडा पडला आहे आणि त्यात जे असायचं ते दुसऱ्या खोलीत ठेवलेलं आहे. ही खोली प्रकाशकाची नाही. २००१ च्या पत्रात तिचा विचार नव्हता. असण्याचं कारणही नव्हतं, तेव्हा या विषयात इतका पैसाच नव्हता.

इकडे जे पेपर खरोखरच कुलपात होते त्यांचं काय झालं? २०२४ मध्ये टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थेची मालक कंपनी इन्फॉर्मा हिनं आपल्याकडच्या मजकुराचा वापर करू देण्याचा करार मायक्रोसॉफ्टशी केला. सुरुवातीची रक्कमच एक कोटी डॉलरच्या घरातली. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या संशोधकाला जो पेपर वाचायला पैसे मोजावे लागतात तो यंत्राला घाऊक भावात वाचायला मिळाला. लेखकांना विचारलं गेलं नाही, आणि करारनाम्याच्या भाषेत विचारायची गरजही नव्हती. हक्क त्यांनी छापताना लिहूनच दिलेले होते. जेएमएलआरनं पहिल्या दिवसापासून हक्क लेखकाकडे ठेवले, ही बाब तेव्हा किरकोळ वाटली असेल. आता वाटत नाही.

मराठी वाचकानं या भांडणात रस घ्यायला दोन सरळ कारणं आहेत. पहिलं मराठीचंच. पुण्यातल्या ‘एल-थ्री-क्यूब’ या गटानं, ज्यात अभियांत्रिकीचे विद्यार्थी मोठ्या संख्येनं आहेत, २०२१ मध्ये मराठी ट्विट्सचा भावछटांनुसार वर्गवारी केलेला संच तयार केला, आणि २०२२ मध्ये जवळपास अडीच कोटी वाक्यांचा मराठी मजकूरसंग्रह, त्यावर शिकवलेल्या प्रारूपांसह. ज्या पेपरांच्या आधारानं हे काम उभं राहिलं ते आर्काइव्हवर आणि भाषा-संगणनाच्या एसीएल अँथॉलॉजीत फुकट होते. आणि यांनीही आपलं काम तिथेच ठेवलं. या विषयात वर्गणीची रीत चालू राहिली असती तर मराठीसाठी हे कुणी, कुठल्या पैशांतून केलं असतं?

दुसरं कारण सरकारी तिजोरीचं. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली: २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक संस्था. रसायन, वैद्यक, स्थापत्य यांतल्या संशोधकांना याचा फायदा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण मंजुरी सरकारी संस्थांपुरती होती, आणि महाराष्ट्रातली बहुतेक अभियांत्रिकी महाविद्यालयं खासगी, विनाअनुदानित. मशीन लर्निंग शिकणाऱ्या मुलाला रोज लागणारे पेपर तर या यादीत नसले तरी बिघडत नाही. त्याची अडचण होते ती हा विषय दुसऱ्या विषयाच्या दारात जाऊन उभा राहतो तेव्हा.

मधुमेहानं दृष्टिपटलावर होणारा परिणाम फोटोवरून ओळखणाऱ्या यंत्रणेचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांचा त्यावरचा पेपर ‘जामा’ या वर्गणीवर चालणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात आला. १,२८,१७५ छायाचित्रांवर यंत्र शिकवलं होतं. त्यांतली काही अमेरिकेतली, काही अरविंद, शंकर नेत्रालय आणि नारायण नेत्रालय या भारतीय रुग्णालयांतली. पेपर गाजला. पण तो मिळवून वाचला तरी पुढे अडतंच, कारण यंत्रणेचा कोड खुला नव्हता आणि छायाचित्रांचा मूळ संचही पूर्णपणे उपलब्ध नव्हता. नॉर्वेतल्या तिघा संशोधकांनी जाहीरपणे मिळणारी छायाचित्रं घेऊन तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला. मूळ पेपरमध्ये होती तितकी अचूकता त्यांना गाठता आली नाही. हा निकाल त्यांनी २०१९ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये छापला, लेखकाकडून शुल्क घेऊन वाचकाला फुकट देणाऱ्या नियतकालिकात.